हस्तलिखितांचे परीक्षक

विद्वानांच्या नियतकालिकांत लेख छापण्यापूर्वीं तो त्याच विषयांतील एकदोन जाणत्या व्यक्तींकडे अभिप्रायासाठीं पाठविण्याची चाल आहे. या परीक्षकाचें नांव बहुधा गुप्त राहतें, आणि त्यास मोबदलाही क्वचितच मिळतो. तरीही कित्येकदां एखाद्याच्या अनेक वर्षांच्या श्रमाचें भवितव्य त्याच्या पानभर मजकुरावर ठरतें. ही चाल कशी पडली, तिनें काय साधलें आणि काय गमावलें, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

लंडनच्या रॉयल सोसायटीचें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हें नियतकालिक १६६५ च्या मार्च महिन्यांत निघालें. सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग हेच त्याचे चालक असल्यामुळें काय छापावें हें तेच ठरवीत. १७५२ सालीं सोसायटीनें त्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली व लेखांच्या निवडीसाठीं समिती नेमली. ही समिती मतें घेऊन निकाल करी. कारणें देण्याचा प्रघात नव्हता. लेखी अभिप्रायांची पद्धत विल्यम ह्यूएल यांच्या सूचनेवरून १८३२ च्या सुमारास सुरू झाली. प्रारंभींचाच एक लेख जॉर्ज एअरी यांचा, पृथ्वी व शुक्र यांच्या गतीविषयींचा होता. त्याचे परीक्षक स्वतः ह्यूएल आणि जॉन लबक. ह्यूएल यांना लेखांतील थोर विचार जगापुढें मांडावयाचा होता, तर लबक यांना त्यांतील दोष दाखवावयाचे होते. दोघांचें एकमत होतां होईना. गुण दाखवावे कीं उणीवा काढाव्या, हा वाद असा या पद्धतीच्या पाळण्यांतलाच आहे.

याच लबक यांच्या हातीं पुढें एक हस्तलिखित आलें, आणि तें आपल्या मुंबईहून गेलेलें होतें. जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉटिश गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना मुंबईंत शिकवीत असे. वायूचे सूक्ष्म कण अखंड धांवत असतात, त्यांच्या धक्क्यांनीं दाब उत्पन्न होतो, आणि उष्णता म्हणजे त्यांच्या गतीचीच शक्ति होय, असा सिद्धांत त्यानें गणितानें मांडून १८४५ सालीं सोसायटीकडे पाठविला. लबक यांनीं तो निरर्थक ठरविला. दुसरे परीक्षक बेडन पॉवेल यांनाही तो पटला नाहीं. अल्पसा सारांश तेवढा छापला गेला. नियमाप्रमाणें मूळ प्रत सोसायटीच्या दप्तरांतच राहिली, आणि वॉटरस्टनजवळ दुसरी प्रत नव्हती. पुढें क्लॉसिअस आणि मॅक्सवेल यांनीं त्याच वाटेनें जाऊन कीर्ति मिळविली. वॉटरस्टन १८८३ मध्यें एडिंबरोजवळून नाहींसा झाला. त्याचा मागमूस लागला नाहीं. १८९१ मध्यें लॉर्ड रॅले यांना दप्तरांत तो लेख सांपडला व १८९२ मध्यें तो संपूर्ण छापला गेला. तो वेळीं न छापल्यानें शास्त्राची दहा-पंधरा वर्षें वायां गेलीं, असें रॅले यांचें मत पडलें.

आतां एका निराळ्या क्षेत्राकडे वळूं. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ मध्यें क्षयरोगामुळें आरोग्यधामांत असतांना चित्रें काढून मन रमवूं लागले व इतर रोग्यांनाही तो छंद त्यांनीं लावला. या उपचारास त्यांनीं १९४२ मध्यें ‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलोपचार, हें नांव दिलें. अमेरिकेंत एलिनॉर उल्मन यांनीं १९६१ मध्यें या विषयाचें ‘बुलेटिन ऑफ आर्ट थेरपी’ काढलें. १९७३ मध्यें निघालेलें ‘आर्ट सायकोथेरपी’ १९८० पासून ‘द आर्ट्स इन सायकोथेरपी’ या नांवानें निघूं लागलें, आणि चित्राबरोबर संगीत, नृत्य, नाट्य हींही त्याच्या कक्षेंत आलीं.

अशा नियतकालिकाच्या परीक्षकाचें काम लबक यांच्याहून अवघड आहे. वायूचा प्रयोग पुन्हां करून पाहतां येतो. पण दुःखी मुलानें एके दिवशीं काढलेलें चित्र पुन्हां काढवितां येत नाहीं. म्हणून परीक्षकास विचारावें लागतें: चित्र छापण्यास रोग्याची संमति आहे काय? वर्णनावरून त्याची ओळख तर पटत नाहीं ना? काळ्या रंगाचा जो अर्थ लेखकानें लावला तो रोग्याचा, कीं लेखकाचाच? रोगी कलेनें सुधारला, कीं केवळ दिवस गेल्यानें? या प्रश्नांत ढिलाई झाली तर लेखकापेक्षां रोग्याचें अधिक नुकसान होतें. त्याच वेळीं, लेखांत आंकडे थोडे आहेत किंवा मांडणी अपरिचित आहे, एवढ्यावरून तो निरर्थक ठरविणें म्हणजे वॉटरस्टनचीच कथा पुन्हां लिहिणें होय.

उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास एक गोष्ट ठाऊक असते. चुकीवर लाल रेघ ओढणें सोपें असतें; चुकीच्या पायरींतून मुलगा कोठें निघाला होता हें ओळखणें कठीण. चांगला परीक्षक दोन्हीं करतो, नकार देतांना कारण लिहितो, आणि त्या कारणाखालीं आपलें नांव छापलें गेलें तरी लाज वाटणार नाहीं अशा शब्दांत लिहितो. कारण दप्तरें राहतात. रॉयल सोसायटीच्या दप्तरांत वॉटरस्टनच्या लेखाबरोबर त्याच्या परीक्षकांचे अभिप्रायही राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनीं दोहोंचीही परीक्षा केली.