उभा फ्रीझर

उभा फ्रीझर हे अन्नपदार्थ उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात गोठवून ठेवणारे, कपाटाप्रमाणे समोरून उघडणारे घरगुती शीतकरण यंत्र आहे. त्याला अपराइट फ्रीझर किंवा ‘उभा डीप फ्रीझर’ असेही म्हणतात. नेहमीच्या फ्रीजमध्ये थंड कप्पा आणि बर्फाचा कप्पा असे दोन भाग असतात. उभ्या फ्रीझरमध्ये सर्वच कप्पे गोठवणारे असतात. भारतात डीप फ्रीझर म्हटले की आईसक्रीमच्या दुकानातील, वरून झाकण उघडणारी आडवी पेटी डोळ्यांसमोर येते. त्या पेटीचे झाकण उघडले तरी जड थंड हवा आतच राहते. उभ्या फ्रीझरचे दार उघडताच ती खालून बाहेर वाहते आणि तिच्या जागी बाहेरची दमट हवा शिरते. या यंत्राच्या अनेक तक्रारींचे मूळ येथेच आहे. जागा कमी व्यापणे आणि कप्प्यांतील वस्तू चटकन सापडणे, ही त्याच्या पसंतीची मुख्य कारणे होत.

कोकणातील वापर

रायगड जिल्ह्याच्या सुधागड तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पाली हे गाव अंबा नदीच्या खोऱ्यात, सरसगडाच्या पायथ्याशी वसले आहे. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे हे स्थान प्रत्यक्ष समुद्रकाठी नसल्याने समुद्राची मासळी येथे बाहेरूनच येते. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर साधारणतः १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. आगोटीची बेगमी म्हणून सुके बोंबील, सोडे आणि जवळा भरून ठेवण्याची कोकणातील पद्धत जुनी आहे. फ्रीझर हा त्याच बेगमीचा नवा प्रकार म्हणता येईल. मासळीखेरीज आंब्याचा रस, ओल्या नारळाचा चव, मटार आणि वाफवण्याआधीचे मोदकही त्यात ठेवले जातात.

यामुळे फ्रीझर काठोकाठ भरण्याचा काळ आणि त्याच्यावर सर्वाधिक ताण येण्याचा काळ एकच ठरतो. जूनपासून हवेतील आर्द्रता वाढते, वीज वारंवार जाते आणि आत तर दोन महिन्यांची बेगमी असते.

प्रकार ओळखणे

यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे न ओळखता केलेली दुरुस्ती बहुधा चुकते, कारण एकाच लक्षणाचा अर्थ निरनिराळ्या प्रकारांत वेगळा, कित्येकदा उलटा असतो.

डायरेक्ट कूल प्रकारात थंड करणारी नळी कप्प्यांच्या पाट्यांमध्ये किंवा भिंतींमध्येच बसवलेली असते. असे पाटे सहसा जागचे हलत नाहीत. त्यांवर बर्फ साचणे स्वाभाविक असून तो अधूनमधून यंत्र बंद करून काढावा लागतो. फ्रॉस्ट-फ्री प्रकारात थंड नळी मागच्या पडद्याआड असते आणि पंखा तेथील थंड हवा सर्व कप्प्यांत फिरवतो. नळीवर जमलेला बर्फ ठरावीक काळाने तापक चालू होऊन वितळतो; ते पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरजवळच्या तबकात उतरते आणि तेथे वाफ होऊन जाते. मागच्या पडद्यावर हवेच्या जाळ्या दिसल्या आणि पंख्याचा मंद आवाज आला, तर यंत्र फ्रॉस्ट-फ्री समजावे. अर्थात, दार उघडताच अनेक यंत्रांतील पंखा थांबतो, त्यामुळे दाराचे बटण दाबून धरून ऐकावे लागते.

कन्व्हर्टिबल प्रकार फ्रीज किंवा फ्रीझर अशा दोन्ही रीतींनी चालवता येतो. मासळी मऊ पडली म्हणून मेकॅनिकला बोलवावे आणि यंत्र फ्रीजच्या रीतीवर ठेवलेले निघावे, असे या प्रकारात होऊ शकते. जुने यंत्र विकत घेताना आणखी एक गल्लत होते. शीतपेयांच्या बाटल्यांसाठीचा काचेच्या दाराचा व्हिसी कूलर उभ्या फ्रीझरसारखाच दिसतो, पण तो शून्याच्या वरचे तापमान राखण्यासाठी बनवलेला असतो. कळ कितीही फिरवली तरी त्यात मासळी सुरक्षितपणे गोठवून ठेवता येत नाही.

ओळखपट्टी

नेमकी माहिती यंत्राच्या ओळखपट्टीवर असते. ही पट्टी बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर, खालच्या खणामागे किंवा पाठीमागे कॉम्प्रेसरजवळ चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल व अनुक्रमांक, व्होल्टेज, विजेचा प्रवाह, क्षमता, शीतक वायूचे नाव आणि त्याचे ग्रॅममधील वजन दिलेले असते. सुटा भाग मागवताना दर्शनी भागावरच्या नावापेक्षा पट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक महत्त्वाचा असतो; एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगळे कॉम्प्रेसर बसवलेले असू शकतात.

पट्टीवरील हवामान वर्गही पाहण्याजोगा असतो. ‘एन’ वर्गाचे यंत्र १६ ते ३२, ‘एसटी’ वर्गाचे १६ ते ३८ आणि ‘टी’ वर्गाचे १६ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीसाठी बनवलेले असते. थंड देशातून सामानासोबत आणलेले ‘एन’ वर्गाचे यंत्र कोकणातल्या मे महिन्यात सतत चालूनही पुरेसे थंड झाले नाही, तर तो बिघाड नव्हे.

ताऱ्यांच्या दोन खुणांमुळे बराच गोंधळ होतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना २००६ साली सुरू झाली. तिचे एक ते पाच तारे विजेची बचत दाखवतात. डीप फ्रीझर या योजनेत २०२० मध्ये, प्रथम ऐच्छिक स्वरूपात आले. फ्रीझरच्या कप्प्यावरील ताऱ्यांचा अर्थ निराळा आहे. तेथे एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. चौथा तारा असल्यास ठरावीक वजनाचे ताजे अन्न गोठवण्याची क्षमताही असते. ही क्षमता पट्टीवर चोवीस तासांमागे किती किलो अशी लिहितात. तिच्याहून अधिक ताजी मासळी एकाच दिवशी भरली तर आतले तापमान चढते, आधीचे गोठलेले अन्नही मऊ पडू लागते आणि यंत्र बिघडल्याचा समज होतो.

शीतक वायूवरून यंत्राचे वय आणि दुरुस्तीतील धोका या दोन्हींचा अंदाज येतो. जुन्या यंत्रांत आर-१२ असे. ओझोन थराला हानिकारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले. पुढे आर-१३४ए आला आणि अलीकडच्या घरगुती यंत्रांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन वापरतात. तो ओझोनला निरुपद्रवी असला, तरी ज्वालाग्राही आहे. अशा यंत्राच्या कॉम्प्रेसरजवळ ज्वालेचे चित्र असलेला पिवळा त्रिकोण असतो.

बिघाड नसलेल्या गोष्टी

दार बंद करून लगेच उघडू पाहिल्यास ते घट्ट ओढल्यासारखे लागते. आत शिरलेली गरम हवा थंड होऊन आकसल्याने असे होते. काही वेळाने ते सहज उघडते. अनेक यंत्रांत दाराच्या चौकटीतून गरम नळी फिरवलेली असते. ती चौकटीवर दव जमू देत नाही, म्हणून चौकट कोमट लागते. वायू वाहताना खळखळ आणि प्लास्टिक आकसताना कडकड असे आवाज येतात. पावसाळ्यात बाहेरच्या पत्र्यावर घाम यावा तसे पाणी दिसणे हेही बहुतेक वेळा आर्द्रतेचेच काम असते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर कमी वेगाने जवळपास अखंड चालतो. साध्या कॉम्प्रेसरच्या बाबतीत मात्र थंड हवामानातही अखंड चालणे संशयास्पद असते.

लक्षणांवरून निदान

यंत्र पूर्ण बंद असल्यास त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून वीजपुरवठा तपासतात. आतला दिवा लागतो, पण दर काही मिनिटांनी गुणगुण होऊन ‘टक्’ असा आवाज येतो आणि यंत्र थंड होत नाही, तेव्हा कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करून ओव्हरलोडमुळे सुटत असतो. दोष कॉम्प्रेसरमध्येच असेल असे नाही. कमी व्होल्टेज किंवा जळालेला रिले हीही कारणे असतात आणि रिले हा तुलनेने स्वस्त भाग आहे. कॉम्प्रेसर बदलण्याचा सल्ला स्वीकारण्याआधी चालू स्थितीतील व्होल्टेज आणि रिले तपासून घेणे हिताचे ठरते. विद्युत भागांत पाल अडकून सर्किट बिघडणे किंवा उंदराने तार कुरतडणे हेही गावाकडच्या घरांत घडते.

यंत्र चालते पण थंड होत नाही, तेव्हा सर्वांत बोलका पुरावा बर्फाची ठेवण हा असतो. डायरेक्ट कूल यंत्रात सर्व पाट्यांवर सारखा, पातळ बर्फ असणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. एखाद्याच पाट्यावर बर्फ आणि बाकीचे कोरडे, असे दिसल्यास वायू गळालेला असतो किंवा केशनळी तुंबलेली असते. बर्फ सगळीकडे आहे, पण दाराच्या बाजूला अधिक जाड आणि भुसभुशीत आहे, तर दाराचे रबर हवा आत घेत असते. फ्रॉस्ट-फ्री यंत्रात याउलट, दिसेल असा बर्फ मुळातच नसावा. मागच्या पडद्यावर जाड थर आला, तर वितळवण्याच्या व्यवस्थेतील तापक, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर यांपैकी काहीतरी निकामी झालेले असते. यंत्र एक-दोन दिवस बंद ठेवून पूर्ण वितळवल्यावर काही दिवस उत्तम चालते आणि पुन्हा तसेच होते, ही या दोषाची खूण होय. येथे गॅस भरून घेणे म्हणजे निव्वळ खर्च. पडद्यावर बर्फ नाही, कॉम्प्रेसर चालू आहे आणि हवा मात्र फिरत नाही, तर संशय पंख्यावर घ्यावा.

गॅस भरण्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शीतक वायू बंद नळ्यांत फिरतो. तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती असते, आणि ती न शोधता पुन्हा भरलेला वायूही निघून जातो. मुरूड, श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरील गावांत खारट हवेने नळ्या गंजून गळती होते. पालीसारख्या आतल्या गावांत हा त्रास तुलनेने कमी असतो.

दाराचे रबर तपासण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून ओढून पाहतात. ती सहज निसटली तर त्या जागी फट आहे. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसले आणि वाकलेला भाग गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकला, की बरेचदा ते पुन्हा बसते. यंत्राचे पुढचे पाय किंचित उंच ठेवल्यास दार आपल्या वजनाने मिटते. बर्फ मात्र सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने कधीही खरवडू नये. डायरेक्ट कूल यंत्रात पाटा हीच वायूची नळी असते. एका टोच्याने ती फुटते आणि आर-६००ए असल्यास ज्वालाग्राही वायू खोलीत पसरतो. तसे झाल्यास खिडक्या उघडाव्यात, जवळ ज्योत पेटवू नये आणि विजेची बटणे चालू-बंद करू नयेत.

यंत्राच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर वापर तत्काळ थांबवून घराच्या मुख्य स्विचवरून वीज बंद करावी व अर्थिंग तपासून घ्यावे. ओल्या फरशीवर हा दोष प्राणघातक ठरू शकतो.

वीज खंडित झाल्यास

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. जिल्ह्यात विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि अनेक गावांत पुरवठा पूर्ववत होण्यास बरेच दिवस लागले. इतक्या काळात कोणताही फ्रीझर अन्न टिकवू शकत नाही. दार न उघडल्यास पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास अन्न गोठलेले ठेवतो. मोकळी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवली, तर हा अवधी लांबतो.

वीज आल्यावर निर्णय घड्याळापेक्षा अन्नाच्या स्थितीवरून घेतात. ज्यात बर्फाचे कण शिल्लक आहेत किंवा जे ४ अंशांहून गरम झालेले नाही, ते पुन्हा गोठवता येते; त्याची चव व पोत थोडे उतरतात. मासळी पूर्ण वितळून त्याहून गरम राहिली असेल, तर वास ठीक असला तरी ती टाकून द्यावी. बांगड्यात व तारलीत अशा वेळी हिस्टामाइन तयार होते आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. घरी नसताना वीज गेली होती का, हे कळण्यासाठी पेलाभर गोठलेल्या पाण्यावर नाणे ठेवण्याची युक्ती वापरतात. नाणे तळाशी गेलेले आढळले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठलेले असते.

पुरवठा हेलकावे खात असताना प्लग काढून ठेवणे आणि तो स्थिर झाल्यावर तीन ते पाच मिनिटांनी लावणे कॉम्प्रेसरसाठी चांगले असते, कारण तेवढ्या वेळात नळ्यांतील दाब समान होतो. वेळ-विलंबाची सोय असलेला स्टॅबिलायझर हेच काम आपोआप करतो.

विल्हेवाट

निकामी फ्रीझर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येतो. तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचणे अपेक्षित आहे. भंगारवाल्याने नळ्या कापल्या, तर वायू हवेत जातो. देण्यापूर्वी दार काढून ठेवावे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये खेळताना लहान मुले कोंडून गुदमरल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. जुन्या, खिटीच्या कुलपाच्या यंत्रांत हा धोका सर्वाधिक असतो, कारण त्यांचे दार आतून उघडत नाही.