रक्तातला धूर

‘ईएसआर वाढला आहे. कॅन्सर तर नाही ना?’ रक्ततपासणीचा कागद पुढे करून ओळखीची माणसे आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारतात. उत्तरासाठी थोडे इतिहासात जावे लागेल.

१९१८ साली स्वीडनमध्ये रॉबिन फारेउस यांना असे आढळले, की गर्भवती स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी लवकर तळाशी बसतात. ही गर्भधारणेची चाचणी ठरेल असे वाटले. पण अनेक आजारांतही तेच दिसले. दाह झाला की रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते. मग तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड चळत लवकर खाली बसते. तासाभरात त्या किती मिलिमीटर खाली गेल्या, तो आकडा म्हणजे ईएसआर.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. न्यूमोनियाच्या जीवाणूतील ‘सी’ नावाच्या शर्करायुक्त घटकाशी त्याचा साका बनत असे. रुग्ण बरा होऊ लागला, की तो पदार्थ नाहीसा होई. ही न्यूमोनियाची खूण म्हणावी, तर तो इतर आजारांतही सापडला. हेच ‘सीआरपी’ हे प्रथिन. इंटरल्यूकिन-६ या रेणूचा निरोप मिळाला, की यकृत ते तयार करते.

कर्करोगाचा येथे संबंध काय? गाठीभोवती पांढऱ्या पेशी जमतात, दाह होतो. काही गाठी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडतात. रक्तातील सीआरपी वाढते, अल्ब्युमिन घटते. २००३ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात, यावरून गुण देण्याची पद्धत मांडली. लिटरमागे सीआरपी १० मिलिग्रॅमहून जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन ३५ ग्रॅमहून कमी असेल तर आणखी एक. गुण जितके जास्त, तितका आजाराचा पुढचा प्रवास कठीण.

मग दाहच शमवला तर? २०१७ साली, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांवरील एका चाचणीत, दाहशामक कॅनाकिनुमॅब घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. आशा वाढल्या. पण हेच औषध प्रत्यक्ष कर्करोग झालेल्यांना देऊन पाहिल्यावर, २०२१-२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत अपेक्षित फायदा आढळला नाही.

धूर दिसला की कुठेतरी जाळ आहे हे कळते. चूल पेटली की घर, हे कळत नाही. सुजलेल्या हिरड्यांनीही सीआरपी वाढते, आणि कर्करोग असूनही ती कमी असू शकते. म्हणून कागद दाखवणाऱ्याला आम्ही सांगतो: या आकड्याने घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. जाळ कुठे आहे, ते डॉक्टरांना शोधू द्या.