गालिच्याची सुरकुती आणि कारागिराचा गुडघा

भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग गालिचा बसवण्याची पद्धत अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत एकोणिसाव्या शतकात रुळली. मॅसॅच्युसेट्समध्ये इरॅस्टस बिगेलो यांनी १८४० च्या दशकात गालिच्यांचे यंत्रमाग विकसित केले आणि किमती उतरल्या. मागावरचा पट्टा मात्र बहुधा २७ इंचच रुंद असे. खोली भरण्यासाठी असे पट्टे मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवत, कडा आत दुमडत आणि बारीक लोखंडी चुकांनी लाकडी जमिनीवर ठोकत. दर वसंतात सगळ्या चुका उपटून गालिचा अंगणात झोडपायचा आणि पुन्हा ठोकायचा, हा गृहिणींचा ठरलेला व्याप होता. विसाव्या शतकात व्हॅक्यूम क्लीनरने तो संपवला. गालिचा कायम जागेवरच राहू लागला, तशी चुकांमुळे कडेला पडणाऱ्या खळग्यांची तक्रार पुढे आली.

तिच्यावर उपाय म्हणून बिनचुकांची पट्टी आली. ही प्लायवूडची अरुंद पट्टी भिंतीपासून किंचित अंतर सोडून जमिनीवर ठोकतात. तिच्यातून भिंतीच्या दिशेने कललेल्या टोकदार पिना वर आलेल्या असतात. ताणलेला गालिचा मागच्या बाजूने त्या पिनांत अडकतो आणि उरलेली कड फटीत खुपसली जाते. वरून काहीच दिसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉर्जियातल्या डाल्टनमध्ये चादरींच्या टफ्टिंगच्या (कापडात सुईने दोऱ्याचे झुपके ओवण्याच्या) धंद्यातून १२ फूट रुंदीचे गालिचे निघू लागले. सांधे कमी झाले, पण उरलेले अधिक डोळ्यांत भरू लागले. शिलाईऐवजी उष्णतेने वितळणारी चिकट पट्टी खालून इस्त्रीने जोडू लागले. लव उलटसुलट पडली तर एक तुकडा गडद आणि दुसरा फिका दिसतो, म्हणून सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेने ठेवण्याचा नियम झाला. सांधा शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेनेच घेतात, आडवा घेत नाहीत.

पुढे बंगालच्या तागाच्या अस्तराची जागा पॉलिप्रॉपिलिनने घेतली. हे अस्तर ताठ असल्यामुळे ताणायला जास्त जोर लागतो. कारागीर गुडघ्याने धक्का मारायचा ‘नी किकर’ वापरत. त्याने लांबरुंद खोलीत पुरेसा ताण बसत नसे आणि काही महिन्यांत गालिच्याला सुरकुत्या पडत. गुडघ्यांचेही हाल होत. अमेरिकेच्या ‘नायोश’ या सरकारी संशोधन संस्थेने १९९० मध्ये इशारा दिला, की गालिचे बसवणारे देशातल्या कामगारांच्या ०.०६ टक्क्यांहूनही कमी असले, तरी गुडघ्याच्या दुखापतीच्या भरपाईचे ६.२ टक्के दावे त्यांचे असतात.

दोन्ही तक्रारींना उत्तर एकच होते: पॉवर स्ट्रेचर. लांब दांड्याचे एक टोक समोरच्या भिंतीच्या तळाशी टेकवतात, दुसऱ्या टोकाचे दात गालिच्यात रुततात आणि तरफ दाबली की गालिचा सरळ खेचला जातो. डाल्टनच्या कार्पेट अँड रग इन्स्टिट्यूटने निवासी कामाच्या मानकात हे साधन आवश्यक ठरवले. लांबी-रुंदीत एक ते दीड टक्का ताण, म्हणजे २० फुटांच्या खोलीत सुमारे अडीच ते साडेतीन इंच, असे मापही घालून दिले. नी किकर आता गालिचा जागेवर सरकवण्यापुरता, तसेच जिन्यासारख्या अडचणीच्या जागी वापरावा, अशी अपेक्षा असते.