खरा आवाज की संगणकाचा : सरावलेला कान किती ओळखतो?

नीटच्या तयारीसाठी नांदेड जिल्ह्यातील अनेक मुले लातूरला राहतात. घराशी नाते राहते ते फोनवर. अशा वेळी "पप्पा, लगेच पैसे पाठवा" हा आवाज मुलाचाच आहे का, हे कळणे गरजेचे ठरते. कारण एखाद्याच्या आवाजाचा छोटा नमुना मिळाला, की संगणक टाइप केलेला मजकूर त्याच आवाजात बोलून दाखवू शकतो.

जाणकारांना हा फरक ओळखता येतो का? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या २०२३ मधील अभ्यासात ५२९ जणांना इंग्रजी किंवा मँडरिन आवाज ऐकवले. बनावट आवाज सुमारे ७३ टक्के वेळाच ओळखले गेले. आधी नमुने ऐकवूनही थोडीच सुधारणा झाली. २०२२ मधील आणखी एका अभ्यासात संगणक क्षेत्रातील लोक सामान्य श्रोत्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. मातृभाषेत ऐकणारे मात्र परभाषिकांपेक्षा सरस ठरले.

म्हणजे तंत्रज्ञानाच्या माहितीपेक्षा भाषेची ओळख अधिक उपयोगी पडते. एरवी 'करतोय' ऐवजी 'करायलो' म्हणणारा मुलगा एकदम पुस्तकी बोलू लागला, तर शंका घ्यावी. पण बोलीतला मजकूरही टाइप करता येतो. त्यामुळे केवळ कानावर विसंबू नये.

फोन ठेवा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. घरातल्यांनाच माहीत असलेला एखादा शब्द आधी ठरवून ठेवा. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा.