बेरुबारी प्रकरण

बेरुबारी प्रकरण : परराष्ट्राशी करार करून सरकारला देशाचा भूभाग देऊन टाकता येतो काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च १९६० रोजी दिलेले सल्लागार मत.

बेरुबारी युनियन क्रमांक १२ हा पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातला सुमारे पावणेनऊ चौरस मैलांचा टापू. वस्ती तेव्हा दहा-बारा हजारांची. १९४७ च्या फाळणीत सीमा आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांनी बंगालची सीमा ठाण्यांच्या हद्दींवरून वर्णन केली, पण त्या मजकुरात बोदा ठाण्याचा उल्लेख राहून गेला आणि बेरुबारीजवळची सीमा मोघम राहिली. टापू भारताकडेच होता. १९५२ मध्ये मात्र पाकिस्तानने त्यावर हक्क सांगितला. १० सप्टेंबर १९५८ रोजी जवाहरलाल नेहरू आणि फिरोजखान नून या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांमध्ये करार झाला आणि बेरुबारीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचे ठरले. तिथल्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. पश्चिम बंगालमध्ये संतापाची लाट उसळली आणि राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली न्यायालयाचा सल्ला मागितला.

सरकारतर्फे ॲटर्नी जनरल मो. चि. सेटलवाड यांचे म्हणणे असे की, हा करार म्हणजे मोघम राहिलेली सीमा निश्चित करणे एवढेच. त्यासाठी कायदाही नको. विरोधकांची भूमिका दुसऱ्या टोकाची होती : घटनादुरुस्ती करूनही भारताची भूमी देता येणार नाही, कारण उद्देशिकाच तसे सांगते. आठ न्यायमूर्तींच्या पीठाने दोन्ही बाजू फेटाळल्या. साताऱ्यात जन्मलेले, पुढे सरन्यायाधीश झालेले न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी हे मत लिहिले. टापूचे दोन तुकडे करून एक देणे ही सीमानिश्चिती नव्हे, ते भूप्रदेशाचे हस्तांतरण होय, असे त्यांनी ठरवले. अनुच्छेद ३ खाली संसद राज्याचे क्षेत्र कमी करू शकते हे खरे; पण ती फेररचना भारताच्या आतली. देशाबाहेर जमीन द्यायची तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीच हवी. सार्वभौम राष्ट्राला भूमी देण्याचा अधिकार आहे, पण तो मंत्रिमंडळाच्या सहीत नाही, हा या मताचा गाभा. उद्देशिका हा घटनेचा भाग नाही, हे त्यातले विधान कच्चे होते; १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात ते टिकले नाही.

१९६० मध्येच नववी घटनादुरुस्ती झाली. पण खटले लांबले, पुढे बांगलादेश जन्मला, आणि बेरुबारी द्यायची राहिली. १६ मे १९७४ च्या इंदिरा गांधी-मुजीबुर रहमान कराराने वादग्रस्त भाग भारताकडेच ठेवला. त्या कराराप्रमाणे १११ भारतीय आणि ५१ बांगलादेशी वेढलेल्या वस्त्यांची अदलाबदल व्हायला २०१५ उजाडले, आणि त्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. इथे बेरुबारीचा दंडक पाळला गेला.

दंडकाला मर्यादाही पडल्या. कच्छच्या रणाबाबत १९६८ साली आंतरराष्ट्रीय लवादाने निवाडा दिला, तेव्हा मगनभाई पटेल खटल्यात (१९६९) न्यायालयाने ती खरोखरच अनिश्चित सीमेची आखणी मानली. घटनादुरुस्तीची गरज उरली नाही. भारतीय हद्दीने वेढलेल्या बांगलादेशी वस्तीकडे जाण्यासाठीच्या तीन बिघा पट्टीचा बांगलादेशाला दिलेला भाडेपट्टाही न्यायालयाने १९९० मध्ये हस्तांतरण मानला नाही.

जमिनीखेरीज इतर करारांची गोष्ट वेगळी. करार करणे हा विषय संघसूचीत १४ व्या क्रमांकावर आहे आणि अनुच्छेद २५३ संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदे करण्याचा अधिकार देतो. पण सही करण्यापूर्वी संसदेला विचारण्याचे बंधन सरकारवर नाही. शेती, औषधे, व्यापार यांवर दूरगामी परिणाम करणाऱ्या करारांनाही हेच लागू आहे. न्या. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ मध्ये सरकारच्या या करार-अधिकाराचे नियमन करणारा कायदा करण्याची शिफारस केली. संसदेने तो करायला हवा.