नोत्र-दाममधलं लोखंड: नंतरची दुरुस्ती की मूळ बांधकाम?

एम.एस्सी. केमिस्ट्री करून इतिहासाकडे वळलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुझ्या केमिस्ट्रीचा इथे काय उपयोग?" मी हल्ली उत्तरादाखल पॅरिसची ही गोष्ट सांगतो.

१५ एप्रिल २०१९ ला नोत्र-दाम कॅथेड्रलला आग लागली. ओकच्या लाकडाचं मध्ययुगीन छत जळून गेलं आणि एरवी झाकलेले भाग उघडे पडले. भिंतींच्या माथ्यावर शेजारशेजारचे दगड एकमेकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या रांगाच दिसल्या. स्टेपलरची पिन डोळ्यांसमोर आणा, फक्त हातभर लांब. टोकं दगडातल्या भोकांत बसवून वर वितळलेलं शिसं ओतलेलं. या शिशामुळे पकड घट्ट होते आणि पाणीही आत शिरत नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं, हे त्या कारागिरांना नक्कीच ठाऊक असणार.

आता खरा प्रश्न. हे क्लॅम्प बसवले कधी? चर्चचं बांधकाम ११६० च्या दशकात सुरू झालं, पण १८४४ पासून व्हियोले-ल-द्युकच्या हाताखाली मोठा जीर्णोद्धारही झालाय. लोखंड तेव्हाचं असेल तर गोष्ट तिथेच संपते. पण ते मूळचं असेल, तर उंच, सडपातळ गॉथिक भिंती उभारणाऱ्यांनी पहिल्यापासूनच दगडाच्या जोडीला लोखंड धरलं होतं, असं म्हणावं लागतं.

लोखंडाचं वय काढायचं कसं? इथे केमिस्ट्री येते. मध्ययुगीन भट्टीत लोणारी कोळसा वापरत. त्यातला थोडा कार्बन लोखंडात मुरतो, आणि तो कार्बन मुळात झाडाचा, म्हणजे त्यात कार्बन-१४ आलाच. (दगडी कोळशापासून केलेल्या कोकमध्ये तो उरलेलाच नसतो, त्यामुळे त्या पद्धतीचं लोखंड लगेच वेगळं पडतं.) अडचण अशी की जुनं लोखंड एकजिनसी नसतं. तुकडा कापायचा, घासून चकचकीत करायचा, ॲसिडने खुलवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली कार्बन जास्त असलेले, पोलादासारखे पट्टे शोधायचे आणि नेमका तेवढाच भाग तपासणीला पाठवायचा.

मॅक्सिम लेरितिये आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या भागांतल्या १२ क्लॅम्पचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आला. निष्कर्ष: ११६० च्या दशकातल्या सुरुवातीच्या कामातच लोखंड वापरलेलं आहे.

पण थांबा, मला हा पेपर आवडतो तो पुढच्या भागासाठी. कार्बन-१४ लोखंड *गाळल्याची* वेळ सांगतो, क्लॅम्प *बसवल्याची* नाही. कोळसा म्हाताऱ्या झाडाचा असेल तर तारीख आणखी मागे जाते. शिवाय यातले बरेच क्लॅम्प वेगवेगळे तुकडे तापवून, घणाने एकत्र ठोकून केलेले निघाले, म्हणजे मोडीचं लोखंडही त्यात असणार. मग एकाच क्लॅम्पमध्ये दोन वयं सापडू शकतात! अशा वेळी सर्वांत तरुण तुकड्यावर भरवसा ठेवायचा, कारण क्लॅम्प त्याच्याआधी घडलेला असूच शकत नाही. आणि तरीही ही फक्त सर्वांत आधीची हद्द झाली. क्लॅम्प दगडांच्या थरात कुठे, कसा अडकलाय हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते काम वास्तू वाचणाऱ्याचं.

माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये मी एका नमुन्याची तारीख एकच साल म्हणून ठोकून दिली होती. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे साल कशाचं?" मी लाकडाचं म्हणालो. "आणि वस्तूचं?" पुढची दहा मिनिटं काय बोललो, आठवत नाही.

हे लोखंड आलं कुठून, याचा शोध आता सुरू आहे. धातू ठोकताना आत अडकून राहिलेल्या मळीच्या बारीक कणांत मूळ खनिजाची रासायनिक खूण टिकते. मात्र मोडीचे चार तुकडे एकत्र ठोकलेले असले, की खुणाही चार.