जालीम औषध आणि दाताचे मूळ

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याचा दंतवैद्याच्या खुर्चीशी काय संबंध, असे शिक्षक मित्र विचारतील. तोच आम्ही येथे सांगणार आहोत.

कीड खोल गेली की दातातला गर सडतो. रूट कॅनाल उपचारात तो काढून मुळातली नलिका निर्जंतुक करतात. पण ही नलिका म्हणजे बूच लावलेली बाटली नव्हे. मुळाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि त्यापलीकडे जिवंत ऊती असतात. नलिकेतले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते.

पूर्वी औषध जितके जालीम तितके उत्तम, असा समज होता. कार्बोलिक आम्ल, फॉर्मोक्रेसॉल अशी द्रव्ये नलिकेत ठेवीत. ती प्रथिनांवरच घाला घालतात आणि प्रथिने जंतूंत असतात तशी आपल्या पेशींतही असतात. पहिल्या महायुद्धातील जखमांचा अभ्यास करून फ्लेमिंग यांनी १९१९ साली दाखवले, की अशी जंतुनाशके जंतूंपेक्षा रक्तातील पांढऱ्या पेशींनाच अधिक मारू शकतात.

पेनिसिलीनची रीत वेगळी. ते जंतूंची पेशीभित्तिका बनू देत नाही. आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नसते. म्हणून अमेरिकेत ग्रॉसमन यांनी १९५१ साली पेनिसिलीनसह अनेक प्रतिजैविकांचा लेप रूट कॅनालसाठी सुचवला. जंतू मेल्यावर बुरशी माजू नये म्हणून त्यात बुरशीरोधक द्रव्यही होते. पुढे त्याजागी निस्टॅटिन आले.

निस्टॅटिनचे भावंड पिंपरीतच सापडले. डॉ. थिरुमलाचार व सहकाऱ्यांनी शोधलेले हॅमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळते, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! ही औषधे बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटतात. आपल्या पटलातील कोलेस्टेरॉल त्याच घराण्यातले, म्हणून येथे मित्र-शत्रूतील अंतर कमी पडते.

पेनिसिलीनही निर्दोष ठरले नाही. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. त्यामुळे ग्रॉसमन यांचा लेप मागे पडला. आज नलिका सोडियम हायपोक्लोराइटने धुतात आणि गरजेप्रमाणे आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवतात. हायपोक्लोराइट मुळापलीकडे गेले तर तीव्र वेदना व सूज येते; म्हणून ते आतच राखणे हे दंतवैद्याचे कौशल्य.

एखादे औषध किती जंतू मारते, हे विद्यार्थी जाहिरातीत वाचतात. त्यांना आणखी एक प्रश्न विचारायला शिकवू या: ते आपल्या पेशींचे काय करते?